मक्यातली हाक

सेजलला आईने निघताना तीनदा बजावलं होतं की वहिनीला एकटी सोडायची नाही. "कळलां मगे तुका? घडीभरसुद्धा नाय." आणि सेजल चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाली होती, "हो गो आई, दावं घेऊन बांधूनच ठेवते तिला." आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. कारण स्वाती वहिनीला पाचवा चालू होता, आणि मागच्या वर्षी तिसऱ्यातच सगळं गेलं होतं. तेव्हापासून पाळी गावातल्या त्यांच्या घरात वहिनीभोवती सगळे असे चालायचे, जसा काही काठोकाठ भरलेला तांब्या मध्ये ठेवलाय.

आता डोहाळे लागले ते कसले, तर भोपळ्याच्या घारग्यांचे. तेही बाजारातला भोपळा नको, वेलावरून आपल्या हाताने तोडलेला हवा. वहिनी गडहिंग्लजकडची, तिकडे म्हणे परसातच वेल पसरलेला असतो. पाळीला परसात काय पसरतं, तर खाणीची तांबडी धूळ. मग आईलाच आठवलं की पार्श्यात तिची धाकटी बहीण राहते, सत्यवती मावशी, आणि मावशीच्या घोवाने, बाबाजीकाकांनी, यंदा भोपळेच भोपळे लावलेत. अविनाशदादा, म्हणजे सेजलचा भाऊ, खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून भाजीची पिकअप चालवायचा. त्याला दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी पेडण्याला जायचंच होतं. चार वाजता त्याने दोघींना मावशीच्या दारात उतरवलं आणि सातला न्यायला येतो सांगून तो गेला.

बाबाजीकाकांचं शेत म्हणजे एक प्रकरणच होतं. त्यांनी मोबाईलवर कुठल्या तरी परदेशातला व्हिडिओ बघितला, मक्यात वाटा कापलेल्या आणि लोक हसत हसत हरवतायत असा. झालं. श्रावणात त्यांनी घरामागच्या सगळ्या सड्यावर, म्हणजे माळावर, मका पेरला, गुडघ्याएवढा झाल्यावर आत वेड्यावाकड्या वाटा कापल्या, आणि आश्विनात तो मका असा काही माजला की माणसाने हात वर केला तरी वर दोन हात उरायचा. म्हापशाहून गाड्या यायला लागल्या.

"लोक चकवो लागू नये म्हणून नारळ ठेवतत," मावशी जनेलाच्या गजांतून शेताकडे बोट दाखवत म्हणाली, "आणि आमचो घोव तिकीट घेऊन लावता."

वहिनी इतकी हसली की कदेलवरून उठून उभी राहिली. मावशीने चहाबरोबर उंडे दिले, कडक, कुरकुरीत पाव, आणि एक जांभळट तांबडा भोपळा पुढ्यात आणून ठेवला. वहिनीने तो मघाशी स्वतः वेलावरून तोडला होता. फक्त एक गोष्ट अडली. भोपळा अख्खा होता, आणि अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची. बाईमाणसाने नाही, आणि पोटुशीने तर त्या वेळी समोरसुद्धा राहायचं नाही. काका मांद्र्याच्या हॉटेलात भोपळे पोचवायला गेलेले, दादा पेडण्याला.

"आमच्याकडंपण तसंच की ओ मावशी," वहिनी म्हणाली. "आमची आजी तर भोपळा घेऊन शेजारच्या म्हाताऱ्याकडं जायची. फक्त एक टोचा मारा म्हणायची."

"मगे ते येयसर बसा." आणि मावशीने वर एक गोष्ट सांगितली, ती सेजलने अर्ध्याच कानाने ऐकली. मक्याच्या भोवती तार आहे, डुकरांसाठी. झटक्याचं मशीन पावसात वीज पडून जळलं, म्हणून काकांनी घरच्या लाइनीलाच तार जोडली. चार दिवसांपुरती म्हणाले, त्याला महिना झाला. परवा एक रानडुक्कर चिकटलं ते सकाळपर्यंत सुटलं नाही. "मी तुळशीकडे दिवो लावतंय आणि घरात येवन बटण दाबतंय. मगे थंय कोणी जावचा नाय."

बघा, बसा म्हटल्यावर कोण बसतं. पाच वाजता गाड्या गेल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाला काका लाकडाचा एक बिल्ला द्यायचे, बाहेर आला की तो परत खिळ्याला लावायचा, म्हणजे आत कोणी राहिलं का ते समजे. सगळे बिल्ले खिळ्यांना आले, मावशीने बघितले आणि ती गोठ्याकडे वळली. सेजल म्हणाली, "आम्ही विहिरीकडचे भोपळे बघून येतो गो." मोबाईल दोघींचे आत चार्जिंगला. विहीर घराच्या पुढच्या अंगाला. आणि या दोघी घराला वळसा घालून गेल्या सरळ मागे, मक्यात. घरच्यांना कसला बिल्ला?

पहिल्यांदा मजाच मजा होती. आत शिरल्याबरोबर बाहेरचा आवाज कुणीतरी झाकण ठेवल्यासारखा बंद झाला. दोन्हीकडे हिरव्या भिंती, वर निळी पट्टी, पायाखाली सुकलेली पानं करकर वाजतायत. वहिनी पुढे, सेजल मागे. वहिनीने एक कणीस मोडून घेतलं, ते दातांनी सोलत ती म्हणाली, "वन्सं, मागं राहू नका हां, नाहीतर तुम्हालाच शोधत बसावं लागंल." सेजलला ती मुद्दाम असं वन्सं म्हणायची.

आणि तेच ऐकून सेजलच्या डोक्यात किडा वळवळला. एक आडवी वाट आली, वहिनी सरळ गेली, सेजल पट्कन आडवी घुसली आणि दाट ताटांच्या मागे उकिडवी बसली. भॉ करायचं, एवढंच. वहिनीची पावलं थांबली. "सेजल? अगं ए." मग शांत. मग पावलं पुन्हा वाजली, थोडी लांब. सेजल तोंडावर हात दाबून हसत होती. वीसपर्यंत मोजलं आणि उडी मारून वाटेवर आली.

वाटेवर कोणी नव्हतं.

पुढे गेली, वाट दोन ठिकाणी फुटली. उजवीकडे गेली, ती बंद. मागे आली, तर मागची वाट मघाची नव्हतीच. अर्धं खाल्लेलं कणीस जमिनीवर पडलेलं दिसलं, म्हणजे वहिनी इथून गेली, पण कुठल्या बाजूला? सेजल पळायला लागली. मक्याची पानं अशी असतात की हळू चाललात तर गुदगुल्या करतात आणि पळालात तर कापतात. तिच्या दंडांवर तांबड्या रेघा उठल्या. वर बघितलं तर निळी पट्टी निळी राहिली नव्हती, भगवी झाली होती, आणि खाली पायाशी तर जवळजवळ अंधारच.

तेव्हा तिला दिवा आठवला. तुळशीकडचा. आणि त्याच्या मागून बटण.

मावशीला वाटतंय आम्ही विहिरीकडे. बिल्ले सगळे खिळ्याला. आणि वहिनी, जिला तारेचं नीट ठाऊक आहे की नाही तेसुद्धा सेजलला माहीत नाही, कारण मावशी बोलत होती तेव्हा वहिनी भोपळ्यावर टिचक्या मारून बघत होती.

"वहिनी," तिने हाक मारली.

उत्तर नाही. आणि सेजलने लगेच तोंडावर हात मारून घेतला. कारण आपल्याकडे तिन्हीसांजेला शेतात कोणाला हाक मारत नाहीत. देवचार फिरतो त्या वेळी सीमेवरून. त्याने हाक ऐकली की मग तोच त्या माणसाच्या आवाजात हाका मारत बसतो. आणि देवचार फक्त दोनदा हाक मारतो, तिसरी मारत नाही. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. हे सगळं वहिनीला कोणी शिकवलं? सेजलनेच. लग्न होऊन आली त्याच महिन्यात, रात्री अंथरुणात बसून, अगदी रंगवून. वहिनी तेव्हा म्हणाली होती, "आमच्यात नाही बाई असलं काही," पण दुसऱ्या दिवसापासून काळोखात ती सासूलासुद्धा तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची.

लांबून आवाज आला. "सेजल."

एकदाच. अंगावर काटा सर्रकन मानेपर्यंत आला. वहिनीचाच आवाज, पण वहिनी अशी कधी बोलवते? सेजल थांबली. दुसरी हाक येईल, तिसरी येईल. आलीच नाही. आता विचार करा, तिकडे वहिनीसुद्धा अशीच उभी असणार, एक हाक मारून, घाबरून, सेजलच्या पुढच्या हाकेची वाट बघत. पण हे सुचायला डोकं थंड लागतं. सेजलचं डोकं तेव्हा भिरभिरत होतं आणि मक्यात कुठेतरी काहीतरी चालत होतं, माणसासारखं नाही, खाली, जड, फुरफुर करत.

ती पळाली आणि कपाळ आपटलं बांबूवर. राखणीचा माळा. शेताच्या मधोमध काकांनी चार बांबूंवर बांधलेला, डुकरं हाकायला बसायचा. सेजल शिडीने वर गेली आणि वर गेल्यावर एकदम सगळं दिसलं.

सगळा मका खाली, तुरेच तुरे, समुद्राकडच्या वाऱ्याने डुलणारे. सूर्य गेलेला. मागच्या टोकाला तारेचे खांब. पुढे घर, एवढंसं, आणि घराच्या मागच्या अंगणात तुळस. आणि मावशी दारातून येत होती, हाताच्या आडोशात निरांजन धरून.

"मावशे," सेजल ओरडली.

मावशी थबकली. तिने मान वर केली, मक्याकडे बघितलं. सेजलने दोन्ही हात हलवले, पण त्या उजेडात काय दिसणार? मुली तर विहिरीकडे आहेत. मक्यात कोणी नाही. मग मक्यातून मावशे म्हणून कोण ओरडतंय? एवढ्या लांबूनसुद्धा सेजलला मावशीच्या खांद्यांवरून समजलं की ती घाबरली.

"मावशे, गो मावशे."

दुसरी झाली. मावशी जवळजवळ धावतच तुळशीकडे गेली, दिवा ठेवला, धड नमस्कारसुद्धा केला नाही, पदर डोक्यावर ओढला आणि घरात शिरली. दार आपटल्याचा आवाज माळ्यापर्यंत आला. तिसरी हाक सेजलने मारली ती बंद दारावर. आणि मग मागच्या टोकाला, पहिल्या खांबावर, एक बारीक तांबडा दिवा लागला.

तार चालू.

सेजल माळ्याच्या कडेला आली. तिने मक्यावर नजर फिरवली. वाऱ्याने सगळे तुरे एका बाजूला वाकतात, पण एका जागी तुरे उलटे हलत होते. थोडे हलले, थांबले, पुन्हा हलले. तारेच्या बाजूला चाललेले. ती वहिनी. आणि माळा आणि वहिनी यांच्या मधे, दुसरी एक हालचाल, रुंद, सरळ, न थांबणारी. ताटं नुसती हलत नव्हती, मोडत होती.

"वहिनी, थांब. पुढे तार आहे."

तुरे हलत राहिले. उलट जरा भरभर. तिला हाका ऐकू जात होत्या, नक्कीच जात होत्या, म्हणूनच ती पळत होती. वहिनी, वहिनी, वहिनी, सेजलने तीनदा मारली, चारदा मारली, पण घाबरलेल्या माणसाला मोजता येतं का? सेजल रडायला लागली. रडता रडता तिच्या तोंडून जे आलं ते तिने ठरवून म्हटलेलं नव्हतं. लग्नात घरात शिरताना नणंदेने दार अडवायचं असतं, ते सेजलने अडवलं होतं, तेव्हा वहिनीने घेतलेला उखाणा. आदल्या रात्री स्वतः जुळवलेला. तो त्या घरातल्या माणसांखेरीज कोणाला ठाऊक असणार?

"गडहिंग्लजची मिरची, गोव्याचं खोबरं," सेजल किंचाळली.

तुरे थांबले.

वारा वाहत होता. मग तारेच्या अगदी जवळून, बारीक, चिरका आवाज आला.

"अविनाशरावांचं नाव घेते, सोडा वाट बरं. सेजल, तूच हायंस न्हवं?"

"मीच गो. आता एक पाऊल पुढे टाकू नको. तारेत लाइन सोडलीय."

"समोर कुणाच्या तरी घराचा दिवा दिसतोय मला. तार वलांडली की झालं."

"चिकटशील. ऐक माझं, चिकटशील."

"अगं पण हितं काहीतरी येतंय. माझ्याकडंच येतंय. फुरफुरतंय." आवाज फाटला. "मी जाते पलीकडं, मला नाही थांबवत."

माळ्याला तेलाचा रिकामा डबा टांगलेला होता, डुकरं हाकायचा, आणि दांडा. सेजलने दांडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. डबा वाजवला तर डुक्कर माळ्यापासून लांब पळणार. लांब म्हणजे कुठे? सरळ वहिनीच्या अंगावर. न वाजवावा तर ते चाललंयच.

"वहिनी, दादाची अंगठी आहे ना हातात? त्या हाताच्या बाजूला वळ. तारेकडे नको, तारेच्या बरोबरीने चाल. मोज. वीस पावलं."

"मला दिसंना गं काही."

"मला दिसतंय. तू फक्त मोज. मोठ्याने."

"एक," वहिनी म्हणाली. "दोन." आणि तुरे बाजूला सरकायला लागले. तीन, चार. रुंद हालचाल मधेच थांबली, डुकराने वास घेतला असावा. सेजलने श्वाससुद्धा घेतला नाही. सात. आठ. नवाला वहिनी कशात तरी अडखळली आणि आई गं म्हणाली. मग पुन्हा, दहा. अकरा. रुंद हालचाल पुन्हा सुरू झाली, सरळ, वहिनी मघाशी उभी होती त्या जागेकडे.

"वीस," वहिनी म्हणाली.

"बस खाली. पोट धरून बस. काही झालं तरी उठू नको."

आणि सेजलने डबा बडवला. जीव खाऊन बडवला. खाली मका असा फाटत गेला जसं कोणी धोतर फाडावं, सरळ रेघ, खाली, खाली, आणि मग चट्ट झालं. निळा उजेड. एक किंकाळी, माणसासारखी, अगदी माणसासारखी, आणि घरातला दिवा एकदम मंद होऊन पिवळा पडला.

डबा सेजलच्या हातातून खाली पडला. "वहिनी?"

काही नाही.

"वहिनी?"

"बसलीय," वहिनी म्हणाली. "तू म्हणालीस बस."

घराचं दार उघडलं, मावशी बॅटरी घेऊन बाहेर आली, आणि सेजलने परत हाका मारल्या, या खेपेला एकामागून एक, मोजून, आवाज कापू न देता. मावशे. मावशे. मावशे. तिसऱ्याला मावशीने ओ दिली. मग, "बटण बंद कर," एवढंच सेजलला म्हणता आलं, आणि खांबावरचा तांबडा दिवा विझला.

वहिनी तारेपासून पाच हातांवर मांडी घालून बसलेली सापडली, दोन्ही हात पोटावर. वीस पावलं मागे, जिथे ती आधी उभी होती तिथे, डुक्कर तारेवर पडलं होतं आणि जळक्या केसांचा वास येत होता. वहिनीने तिकडे बघितलं नाही. मावशी तिला धरून घराकडे नेत होती आणि स्वतःच रडत होती. "माका वाटलां त्योच हाका मारता म्हणून. माका काय ठावक बाये, माका काय ठावक."

काका आले, भोपळा कापला गेला, घारगे कोणी केले नाहीत. काकांनी कोणी न सांगता तारेची वायर घराच्या लाइनीपासून उपटून काढली आणि मावशी त्यांना जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. दादा सव्वासातला आला. तो पिकअपमध्ये भोपळे चढवत होता तेवढ्यात पायरीवर बसून सेजल म्हणाली, "वहिनी, मी मुद्दाम लपले होते."

"ठाऊक हाय. चप्पल दिसत होती तुझी. म्हटलं हिलाच शोधू दे आता, म्हणून मी पुढं सटकले." वहिनी गूळपाणी पीत होती. मग म्हणाली, "तू पहिली हाक मारलीस न्हवं, तेव्हा मी तारेपाशीच होते. वाकून निघणारच होते बाहेर. हाक ऐकली आणि भिऊन परत आत पळाले."

सेजलने हिशेब लावला. पहिली हाक. तेव्हा दिवा लागला नव्हता. बटण दाबलं नव्हतं. "म्हणजे मी गप्प राहिले असते तर..."

"तर मी चहा पीत बसले असते की मावशींबरोबर." वहिनी हसली सुद्धा. "आईंना सांगू नगंस. पुढचे चार महिने मला खाटेवरनं उतरू देणार नाहीत."

सांगायचं की नाही ते सेजलला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात दादाने हॉर्न दिला.

पिकअपमध्ये तिघं पुढेच बसले, वहिनी मधे. दादा बाजारभाव सांगत होता, कोणाला कसं गंडवलं ते सांगत होता, आणि वहिनी हं हं करत होती. कोलवाळच्या पुलावर गाडी चढली, खाली नदी काळी, आणि तिथे वहिनीचे दात वाजायला लागले. आधी हळू, मग थांबेचनात. पुलावरून उतरेपर्यंत ती सगळीच थरथरत होती.

"वारं लागलं काय गो?" दादा म्हणाला आणि त्याने काच वर केली.

"हो," सेजल म्हणाली. "वारंच." तिने वहिनीचा हात घट्ट धरला, आणि म्हापशाचे दिवे दिसेपर्यंत तिला समजेना की कापतोय तो कोणाचा हात आहे.